आडवा कुठं जाऊन राह्यला

सरांनी भिंतीला हात लावला की वर्गातली कुजबुज आपोआप थांबायची. शिकवता शिकवता ते मध्येच फळ्यापासून दूर होत, खिडकीजवळच्या भिंतीवर तळहात टेकवत आणि डोळे मिटून उभे राहत. तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर आई हात ठेवते, तसा तो हात. कधी दोन श्वासांपुरता, कधी चांगला मिनिटभर. मग खडू उचलून, जिथं वाक्य सोडलं तिथून पुढं सुरू. भिंतीत त्यांना काय कळलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती नव्हती. पण त्या भिंतीला टेकून बसणारी मुलं दुसऱ्या दिवशी बाक हातभर पुढं ओढून घेत.

मी जैनथकडच्या एका खेड्यातली. दहावीनंतर आदिलाबादला सिव्हिलच्या डिप्लोमाला आले तेव्हा वर्गात आम्ही चार मुली होतो. पुस्तकं इंग्रजीत, बोलणं तेलुगूत, आणि पहिल्याच वर्षी मेकॅनिक्स. बलं, त्यांचे घटक, समतोल. तो विषय सर शिकवत. ते मूळचे तलमडुगुकडचे, घरचं बोलणं आमच्यासारखंच मराठी. उंच, हडकुळे, पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा, आणि आवाज इतका बारीक की शेवटच्या बाकापर्यंत निम्मं पोचायचंच नाही. पोचावं म्हणून त्यांनी तो कधी चढवलाही नाही. आम्हीच श्वास धरून ऐकत असू.

तिरप्या बलाचे दोन भाग करायचे, एक उभा आणि एक आडवा, एवढाच तो धडा. पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. शिपायाकडून लाकडी शिडी मागवली, भिंतीला तिरपी लावली आणि मला तिच्यावर चढायला सांगितलं. मी तीन पायऱ्या चढले. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, सर मात्र शिडीच्या पायाकडे. गुळगुळीत फरशीवर तो टेकला होता तिथं. चौथ्या पायरीकडे मी पाय उचलला तसे ते अगदी हळू म्हणाले, "उतर." मी उतरले. माझे दोन्ही पाय जमिनीला लागले न लागले तोच शिडीचा पाय सर्रकन मागं सरकला आणि ती मोठा आवाज करत आडवी झाली. मुलं हसली. मी सरांकडे पाहिलं. आवाज व्हायच्या आधीच त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"उभा सगळ्याले दिसते," ते शिडीकडे पाठ करून म्हणाले. "वजन हाये, खाली जाते. आडवा कोनाले दिसत नाही. तो कुठं जाऊन राह्यला, ते पाहा लागते."

पुढं तीन वर्षं हेच. गणित सोडवून वही नेली की उत्तराकडे ते बघतच नसत. "आडवा कुठं जाऊन राह्यला?" एवढंच विचारत. तेलुगू मुलांना तेच तेलुगूत. मुलं त्यांची नक्कल करत, पण त्यांच्या पाठीमागं करतानाही आवाज आपोआप खाली जाई.

सरांची लोकांना भीती वाटे, आणि ती वाटण्यासारखीच होती. चालता चालता ते विजेच्या खांबापाशी थांबत, त्याच्या ताणाच्या तारेला कान लावत आणि मग रस्ता ओलांडून पलीकडून जात. त्यांच्यामागून येणारी माणसंही नकळत रस्ता ओलांडत. कुठल्याही दारातून आत जाताना चौकटीला हात लावून क्षणभर थांबत. नवख्या माणसाला वाटे, देवभोळे आहेत, उंबऱ्याला नमस्कार करतात. एकदा न्हाव्याच्या दुकानात अर्ध्या दाढीवर ते उठले, गालाचा साबण पुसला आणि काही न बोलता निघून गेले. न्हाव्यानं त्या दिवसापासून गिऱ्हाइकाची खुर्ची दुसऱ्या भिंतीकडे हलवली. ती पहिली भिंत आजही उभी आहे. त्यावर कॅलेंडर आहे, आरसा आहे. पण तिथं कोणी बसत नाही. न्हावी मला चिडून म्हणाला होता, मास्तरनं माझी भिंत खराब केली. भिंतीला झालं काहीच नव्हतं. फक्त सरांनी पाहिलेली भिंत नंतर नुसती भिंत राहत नसे.

ते चुकतही. हे सांगायला हवं, कारण त्यांच्या माघारी आता लोक त्यांना अंतर्ज्ञानी ठरवू लागलेत. आमच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी वर्गाच्या त्या खिडकीजवळच्या भिंतीवर एक दिवस फार वेळ हात ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून तास बाहेर लिंबाखाली घ्यायला लागले. महिनाभर. प्राचार्यांनी बोलावलं, समजावलं, शेवटी लेखी विचारलं. सरांनी लेखी उत्तर दिलं: भिंत ढकलते आहे. मोठे इंजिनिअर आले, ओळंबा लावला, भिंत सरळ निघाली. सर निमूटपणे वर्ग आत घेऊन आले. ती भिंतही उभी आहे. पण त्या महिन्यात मोकळ्या वर्गाच्या खिडकीतून आत बघितलं की रिकाम्या बाकांच्या ओळी आणि ती भिंत समोरासमोर दिसत आणि माझ्या अंगावर काटा येई. कशाचा, ते सांगता यायचं नाही.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टच्या वहीवर सही हवी होती म्हणून मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं कौलारू घर, पुढं छोटं अंगण. भर दुपार होती. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि थबकले.

घरभर खडूचे बाण होते. दाराच्या चौकटीवर, खांबावर, कपाटाच्या चारी पायांशी, शेल्फच्या खाली, पाण्याच्या माठाच्या तिवईवर. प्रत्येक वस्तूला एक बाण खाली जाणारा, एक वर येणारा, आणि जिथं काही टेकलं होतं तिथं आडवे दोन, समोरासमोर. लहान, नीट काढलेले, फळ्यावर काढत तसेच. काही जुने, पुसट. काही त्याच सकाळचे. सगळं घर जणू आपला तोल सांभाळत श्वास रोखून उभं होतं. माझ्या चपलेचा आवाजसुद्धा मला जास्त वाटला.

"ये, बाई," आतून आवाज आला. "तो भाजी आनाले गेला. बस."

खिडकीपाशी खाटेवर एक बाई उशांना टेकून बसल्या होत्या. पन्नाशीच्या अलीकडे, गोल चेहरा, केस नीट विंचरलेले, कमरेखाली चादर. ती सरांची धाकटी बहीण. गल्लीत सगळे तिला अक्का म्हणत, मीही तेच म्हणू लागले. तिला कमरेखाली काहीच हलवता येत नव्हतं. सरांनी लग्न केलं नाही ते हिच्यासाठी, असं कॉलेजात बोलत. मी बाणांकडे बघतेय हे तिनं ओळखलं. म्हणाली, रोज सकाळी तो ते तपासतो, एखादा पुसला गेला असला तर पुन्हा काढतो, आणि मग कॉलेजात जातो. तिला भीती नाही वाटत का, असं मी विचारलं. ती हसली. "मले कायची भीती? माझ्या खाटेले एकबी बाण नाही, पाह्य बरं."

मी पाहिलं. खरंच नव्हता. त्या घरात बाण नसलेली तेवढी एकच वस्तू होती.

सर आले, सही केली, पाणी विचारलं. मी निघताना त्यांनी खाटेजवळ जाऊन अक्काला बारीक आवाजात काहीतरी विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. मला वाटलं, दुखतंय का असं विचारत असतील.

मग बरीच वर्षं गेली. सर निवृत्त झाले. मी इकडंतिकडं नोकऱ्या करत एका कंत्राटदाराकडे साइट इंजिनिअर झाले. इचोड्याला हायवेला लागून एक फंक्शन हॉल बांधत होते, त्याच्या पोर्चचा स्लॅब घालायचा दिवस होता. पोर्च उंच, चांगला पंधरा फूट. खाली चाळीस बल्ल्यांचं, म्हणजे उभ्या लाकडी टेकूंचं, सेंट्रिंग. त्या बल्ल्या एकमेकींना बांधणाऱ्या तिरप्या काड्या मात्र नव्हत्या. त्या दुसऱ्या साइटवर गेल्या होत्या. सकाळी मी मेस्त्रीला म्हटलं, काड्या आल्यावरच घालू. तो हसून म्हणाला, "मॅडम, सब जगह ऐसाइच करते." मिक्सर सुरू झाला होता, माणसं घमेली घेऊन उभी होती. मी पुन्हा बोलले नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी एकदाच बोलले, तेही हळू.

दुपारी दोनच्या सुमाराला स्लॅब निम्म्याहून जास्त झाला होता. वर बारा माणसं. समोरच्या धाब्याकडून कोणीतरी रस्ता ओलांडून येताना दिसलं. पांढरा सदरा, हातात तेलाची बाटली. सर अक्कासाठी इचोड्याच्या वैद्याकडून मालिशचं तेल न्यायला आले होते आणि परतीच्या बसची वाट बघत होते. त्यांनी मला ओळखलं की नाही, कळलं नाही. ते सरळ पोर्चखाली गेले. बाटली विटांवर ठेवली आणि एकेका बल्लीला तळहात लावत ओळीनं फिरले. वरून पाणी ठिबकत होतं. एका बल्लीपाशी ते थांबले आणि मला जवळ बोलावलं.

"हिचा ओळंबा घे."

मी घेतला. पंधरा फुटांत तीन इंच झुकलेली. म्हणजे साठाला एक. एका बल्लीवर किती येईल, त्यांनी विचारलं. स्लॅब पुरा झाला की सहा क्विंटल, मी म्हणाले. "उभा झाला. आता आडवा सांग." दहा किलो, मी म्हणाले. दहा किलो म्हणजे काहीच नाही, एवढं तर पोरगं उचलतं, असंही मनात आलं. तेव्हा त्यांनी नुसतं बोट पुढं केलं. मी त्या बोटाच्या दिशेनं बघितलं, आणि सकाळपासून जे मला दिसलं नव्हतं ते दिसलं.

सगळ्या बल्ल्या एकाच बाजूला झुकल्या होत्या. चाळीसच्या चाळीस, रस्त्याकडे. प्रत्येक इतकी थोडी की एकटी बघितली तर सरळच वाटावी. पण ओळीत उभं राहून बघितलं की वाटे, पुष्कळ माणसं अंधारात उभी आहेत आणि रस्त्यावरून येणारा कसलातरी आवाज कान देऊन ऐकताहेत.

"चाळिसांचा मिळून चार क्विंटल," सर म्हणाले. "कोन धरून राह्यलं त्याले?"

मी बाहेर आले आणि ओरडले. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं मी कधी बोललेली नाही. मिक्सर बंद, सगळे खाली, घमेली तिथंच टाका. मेस्त्री धावत आला. त्यानं कंत्राटदाराला फोन लावला आणि तो माझ्या कानाशी धरला. पलीकडून मालक म्हणाला, अर्धा स्लॅब असा सोडला तर सांधा राहील, दहा मिनिटांत काम सुरू कर, नाहीतर घरी जा. मी फोन मेस्त्रीच्या हातात परत दिला आणि शिडीपाशी जाऊन उभी राहिले. एकेकाला नाव घेऊन उतरवलं. बारा झाले. मेस्त्री मला तेलुगूत काहीबाही बोलत होता. माणसं सावलीला बसून बिड्या पेटवत होती, आयती सुट्टी मिळाल्यासारखी.

सर अजून खालीच होते. दोन बल्ल्यांच्या मध्ये उभे, दोन्ही तळहात दोन बल्ल्यांवर, डोळे मिटलेले. मी हाक मारली. ते आले नाहीत. पुन्हा मारली, तेव्हा म्हणाले, "थांब. आयकू दे."

मला तेव्हा पहिल्यांदाच त्यांची खरी भीती वाटली. त्यांना बाहेर यायचंच नाही, असं वाटलं. हे कधीतरी होणार हे त्यांना फार दिवसांपासून ठाऊक आहे आणि ते त्याचीच वाट बघत इथवर आलेत, असं काहीतरी. मी आत गेले, त्यांचा दंड धरला आणि ओढलं. विरोध केला नाही त्यांनी. हलके होते, कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखे. आम्ही मुरुमाच्या ढिगापर्यंत पोचलो.

फार आवाज होईल असं मला वाटत होतं. आधी झालाच नाही. तो एवढा मोठा ओला स्लॅब आधी खाली आलाच नाही. तो बाजूला गेला. हळू, बैलगाडी सुरू होताना सरकते तसा, रस्त्याच्या दिशेनं हातभर. सगळ्या बल्ल्या मिळून एकदम वाकल्या. मग तो खाली बसला. नंतर बराच वेळ नुसती सिमेंटची धूळ आणि एका पत्र्याचा खडखडाट.

बिडी ओढणारा एकजण ती तशीच बोटांत धरून उभा होता. मेस्त्री जमिनीवर बसून माणसं मोजत होता, पुन्हा पुन्हा, बारा, बारा. सरांनी मला विचारलं, खाली कोणी होतं का. मी नाही म्हणाले. त्यांनी परत विचारलं. मी परत नाही म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची बस आली. तेलाची बाटली कोसळलेल्या स्लॅबखाली गेली होती.

नोकरी गेलीच. चार दिवसांनी मी वैद्याकडून तेल घेतलं आणि आदिलाबादला सरांच्या घरी गेले. सर अंगणात बसले होते. मला बघून उठले, बाटली घेतली, चहा ठेवायला आत गेले. मी अक्काजवळ बसले. तिला सगळं कळलं होतं. आणि त्या दिवशी तिनं मला सांगितलं, सर चुलीपाशी असताना, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

ते दोघं तेव्हा गावी होते. नागपंचमी. सर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीवर आलेले. ती सोळाची. त्यांनी तिच्यासाठी झोका बांधला. फांदी नीट मिळेना म्हणून दोन चिंचांच्या मध्ये गाडीचा नाडा, बैलगाडीला असतो तो जाड दोर, बांधला, खूप ताणून, सरळ, दिसायला छान, आणि त्याच्या मधोमध झोका सोडला. दोरी जितकी ताणून सरळ करावी तितकी मधल्या वजनानं ती जास्त ओढली जाते. हे गणित मीही शिकले होते. सरांनी ते त्याच वर्षी परीक्षेत सोडवलं होतं, पुरे मार्क मिळवून. बांधून झाल्यावर त्यांना ते आठवलं. ती बसायला निघाली होती. नाडा तुटला तेव्हा ती उंच होती आणि खाली दगडाचा पार होता.

"चाळीस वर्सं झाली," अक्का म्हणाली. "त्याले वाटते का तो बोललाच नाही. त्याले ध्यानात आलं, पन तोंडातून शब्द निंगाला नाही, असं तो म्हनते."

चुलीवरचा चहा उकळत होता. सर दारात येऊन उभे होते. कधी आले, कळलं नाही.

अक्का त्यांच्याकडे वळली. "तू बोलला होता रे," ती म्हणाली. "बसू नको म्हनलं होतं तुनं. म्याच आयकलं नाही. मले झोका खेळाचा होता."

आत चहा उतू गेला, त्याचा वास आला, तरी कोणी हललं नाही. मग त्यांनी विचारलं, "कितीक मोठ्यानं म्हनलो होतो?"

"मोठ्यानंच," अक्का म्हणाली. "मायलेबी आयकू गेलं असन."

ते तिच्या पायथ्याशी खाटेवर बसले. दोन्ही हात मांडीवर ठेवून, लहान मुलासारखे. मी माझी पर्स घेतली आणि निघून आले.

त्यानंतर सर दीड वर्ष जगले. शेजारी सांगतात, शेवटी शेवटी ते बरेच मोकळे झाले होते, गल्लीतल्या मुलांना गणितं शिकवत. अक्का आता एका भाचीकडे असते. मागच्या महिन्यात मी तिला भेटायला गेले. भाची दुकानात गेली होती. बोलता बोलता मी विचारलं, सर खरंच ओरडले होते का त्या दिवशी.

तिनं आधी दाराकडे बघितलं, भाची आली का म्हणून.

"मले त्या दिवसाचं काहीच आठवत नाही, बाई," ती म्हणाली. "सकाळी डोक्यावरून पानी घेतलं, तेवढं आठवते. मंग एकदम दवाखाना."

तिनं चादर सारखी केली.

"आवाज तेवढा येते. दुपारचा. नाडा करकरते तसा, वरून. रोजच येते. तो रोज इचारे मले, काही आयकू येते का म्हनून. मी त्याले 'नाही' म्हनो."